पर्यायी चलन काढणाऱ्यांना खुलं पत्र : नावे बाजूबद्दल बोला

पर्यायी चलनं, म्हणजे सरकारी पैशाऐवजी आपसात चालणारी चलनं, चालवणाऱ्या आणि काढू पाहणाऱ्या सर्व मंडळींना,

सप्रेम नमस्कार.

तुमच्या बैठकांत आणि जाहीरनाम्यांत व्योर्गलची गोष्ट आली नाही असं सहसा होत नाही. ऑस्ट्रियातलं लहानसं गाव, महामंदीचं १९३२ साल. मिखाएल उंटरगुगेनबर्गर नावाच्या नगराध्यक्षानं गावापुरत्या नोटा काढल्या. त्या घरात दाबून ठेवल्या तर दरमहा एक टक्क्याचं तिकीट चिकटवावं लागे, म्हणून त्या हातोहात फिरत राहिल्या. रस्ते झाले, बेकारांना काम मिळालं. आणि सप्टेंबर १९३३मध्ये देशाच्या मध्यवर्ती बँकेनं सगळं बंद पाडलं. गोष्ट खरी आहे, सांगण्यासारखीही आहे. पण सांगताना तुम्ही काही तपशील गाळता. त्या नोटा काढणारी संस्था नगरपालिका होती. नोटांच्या मागे तेवढेच सरकारी शिलिंग बँकेत ठेवलेले होते. आणि लोकांनी त्या विश्वासानं घेतल्या याचं एक मोठं कारण म्हणजे पालिकेचा थकलेला कर त्यांत भरता येत होता. करभरणा वाढला तो त्यामुळेच. म्हणजे राज्याबाहेरच्या चलनाचा आपला सर्वांत लाडका दाखला एका सरकारी संस्थेनं, सरकारी चलनाच्या तारणावर, सरकारी कराच्या आधारानं चालवलेला होता.

हे मी तुम्हाला टोचायला लिहीत नाही. दोन सज्ञान माणसांनी आपसातला हिशोब कशात मिटवायचा हे त्यांनीच ठरवावं, यावर माझा तुमच्याइतकाच विश्वास आहे. नोटा छापण्याचा मक्ता एकाच हाती असला की काय होतं ते विसाव्या शतकानं वेळोवेळी दाखवलं. मात्र आपल्या चळवळीला एक सवय जडली आहे. एखादं चलन बुडालं की आपण खुनी शोधतो, आणि तो नेहमी मध्यवर्ती बँकेतच सापडतो. जी चलनं सरकारनं बोटही न लावता मेली त्यांची शवचिकित्सा आपण करत नाही. माझ्या मते अशीच चलनं जास्त आहेत, आणि त्यांच्या मरणाचं कारण बहुतेक वेळा वहीच्या नावे बाजूला, म्हणजे कोण किती देणं लागतो त्या नोंदीत, सापडतं.

थोडं विस्तारानं सांगतो. १९८३मध्ये कॅनडाच्या कॉमॉक्स व्हॅलीत मायकेल लिंटननं जी पद्धत मांडली, ती तुमच्यातल्या बऱ्याच जणांची मूळ प्रेरणा आहे. भागातला रोजगार आटला होता. कामाला हात होते, गरजा होत्या, फक्त मधला पैसा नव्हता. लिंटनचं म्हणणं साधं होतं : पैसा बाहेरून यायची वाट कशाला बघायची? प्रत्येकाचं खातं शून्यावर उघडा. मी तुमच्याकडून काम करून घेतलं की माझ्या नावे तेवढी रक्कम पडेल, तुमच्या खात्यावर तेवढीच जमा होईल. नोटा छापायला नकोत, राखीव निधी नको, व्याज नको. सगळ्या खात्यांची बेरीज कायम शून्य.

‘बेरीज शून्य’ हे आपण कौतुकानं सांगतो. त्याचा दुसरा अर्थ असा, की जमेतला प्रत्येक आकडा कुणाच्या तरी देण्यावर उभा आहे. एखादा सभासद मोठी रक्कम नावे टाकून निघून गेला, की त्या रकमेइतकी जमा उरलेल्यांच्या खात्यांत दिसत राहते, पण तिच्या बदल्यात काम करून द्यायला कुणी बांधील उरत नाही. नुकसान नेमकं कुणाचं झालं ते दिसतही नाही. ते सगळ्यांत थोडं थोडं मुरतं. काही काळानं लोक म्हणू लागतात, जमा भरपूर आहे पण घेण्यासारखं काही मिळत नाही. मग ज्यांच्या कामाला मागणी आहे ते कामाची यादी मागे घेतात. मागे राहतात ते मागणी नसलेले आणि आशा न सोडलेले. अशा शेवटात खलनायक नसतो, म्हणूनच कुणी त्याची गोष्ट सांगत नाही.

लिंटनला हा धोका कळत नव्हता असं नाही. कोणत्याही सभासदानं दुसऱ्याची बाकी आणि उलाढाल विचारली तर ती सांगायची, असा नियम त्याच्या पद्धतीत होता. समोरचा नुसताच घेत सुटला आहे असं दिसलं, तर तुम्ही त्याच्याशी व्यवहार नाकारायचा. कागदावर हे सुंदर आहे. प्रत्यक्षात शेजाऱ्याला तोंडावर ‘तुझं खातं फार खाली गेलंय, मी तुझं काम घेणार नाही’ असं म्हणणारा माणूस विरळा. आणि म्हणणारा निघाला, तर तो कशाच्या बळावर म्हणतो तेही तपासायला हवं. सरकारी पाळतीला तुम्ही घाबरता, रास्तच आहे. पण ज्या वहीत प्रत्येकाचं देणं प्रत्येकाला दिसतं ती वहीसुद्धा पाळतच ठेवते, आणि ठेवणारे रोज भेटणारे लोक असतात. या पेचाला सोपं उत्तर नाही. निदान पेच आहे एवढं सभासद करून घेताना सांगा.

आता स्वित्झर्लंडचं विर बघा. १९३४मध्ये वेर्नर झिमरमान आणि पॉल एन्झ यांनी, मंदीत रोकड गोठली म्हणून, छोट्या व्यावसायिकांचं परस्पर पतमंडळ काढलं. आज नव्वद वर्षं उलटून गेली तरी ते चालू आहे. देशाची अर्थव्यवस्था मंदावली की विरमधली उलाढाल वाढते, आणि बरे दिवस आले की लोक फ्रँककडे वळतात, असं जेम्स स्टॉडर या अर्थशास्त्रज्ञानं आकडेवारीतून दाखवलं आहे. पर्यायी चलनाकडून याहून जास्त काय मागायचं?

तरीही आपल्यातल्या सोवळ्या मंडळींना विर पसंत नाही, आणि त्यांची कारणं मला चांगली ठाऊक आहेत. विर १९३६पासून बँकिंग कायद्याखाली आलं. साठवलेल्या पैशावर घट आकारायचं मूळ तत्त्व त्यानं १९५२मध्ये सोडलं आणि व्याज आणलं. कर्ज देताना तारण मागितलं, बरेचदा घरादाराचं. काही सभासद विर कमी भावानं फ्रँकमध्ये विकून मोकळे होत, ते १९७३मध्ये बंद केलं. ही यादी मी उलटी वाचतो. तत्त्वाशी केलेल्या या तडजोडींमुळे विर बिघडलं असं तुम्ही म्हणता. त्यांतल्या निदान दोन, म्हणजे तारण आणि सवलतीच्या विक्रीवरची बंदी, नसत्या तर विर दुसऱ्या महायुद्धानंतर फार वर्षं टिकलं नसतं, असं मला वाटतं. कोण किती देणं लागतो आणि ते कशातून फेडणार, याचं उत्तर त्यांनी लिहून ठेवलं होतं.

तारण ठेवायला ज्यांच्याकडे काहीच नाही त्यांनी काय करायचं? त्याचंही उत्तर देऊन झालं आहे. केनियात मोम्बासाच्या एका वस्तीत २०१३च्या मे महिन्यात बांगला-पेसा नावाचं चलन सुरू झालं. त्यात यायचं तर आधीच्या चार सभासदांनी तुमच्यासाठी उभं राहावं लागे. जामीन माणसांचा, जमिनीचा नव्हे. सरकारनं घाईघाईनं प्रवर्तक विल रुडिक आणि आणखी पाच जणांना पकडून खोट्या नोटांसारखे आरोप ठेवले. काही महिन्यांत खटला मागेही घेतला. आपण ही कथा अटकेसाठी सांगतो. मला त्यातली चार जामीनदारांची अट जास्त मोलाची वाटते, कारण वस्तीतल्या छोट्या विक्रेत्यांनी पतपुरवठ्याचा सगळ्यात अवघड प्रश्न बँकेशिवाय सोडवायचा केलेला तो प्रामाणिक प्रयत्न होता.

उलट उदाहरण अर्जेंटिनाचं, आणि त्यावर आपल्याकडे जे मौन आहे ते मला खरोखर खटकतं. १९९५च्या मे महिन्यात ब्युनॉस आयर्सजवळ बर्नालमध्ये वीसेक माणसांनी वस्तुविनिमयाचं मंडळ सुरू केलं. त्याचं देशव्यापी जाळं झालं, ‘क्रेदितो’ नावाच्या नोटा आल्या. २००१च्या शेवटी सरकारनं बँकेतले पैसे काढण्यावर बंधनं घातली तेव्हा लोक या बाजारांकडे लोटले. २००२मध्ये सहभागी लोकांचे अंदाज वीस लाखांच्या पुढे जातात. राज्याचं चलन कोलमडलेलं, राज्य हतबल, रस्ता मोकळा. आपल्या सगळ्या सिद्धांतांची कसोटी लागावी अशी वेळ याहून दुसरी येणार नाही.

आणि त्याच वर्षी ते जाळं कोसळलं. नव्या सभासदाला आल्या आल्या ठरावीक क्रेदितो हातात मिळत. ते परत करायची जबाबदारी पाळली जातेय का हे कुणी पाहत नव्हतं, म्हणजे ती उधारी न राहता देणगी झाली. वेगवेगळी मंडळं आपापल्या नोटा छापत होती, काही मोठ्या मंडळांनी किती छापल्या याचा हिशोब उघड नव्हता. त्यात बनावट नोटा शिरल्या. बाजारात वस्तू तेवढ्याच आणि नोटांचा पूर, त्यामुळे भाव भडकले. सकाळी लवकर येऊन चांगला माल उचलायचा आणि बाहेर खऱ्या पैशात विकायचा, असा धंदा करणारेही आले. गरिबातल्या गरिबाच्या हाती शेवटी कागद राहिले. मध्यवर्ती बँकेवर आपण जो आरोप करतो, अमर्याद छपाई आणि बंद दप्तर, तोच आरोप तिथे स्वेच्छेनं जमलेल्या लोकांच्या पुढाऱ्यांवर जसाच्या तसा लागू पडतो.

पैसा कमी पडला तरी घात होतो. वॉशिंग्टनमधल्या कॅपिटॉल हिल भागात दीडेकशे कुटुंबांनी एकमेकांची मुलं सांभाळण्यासाठी कूपनं काढली होती, एक कूपन म्हणजे अर्धा तास. कूपनं कमी होती म्हणून जो तो साठवू लागला, कुणी बाहेर पडेना, आणि बाहेर कुणी पडत नाही म्हणून कमवायची संधीही कुणाला मिळेना. तिथले वकील-मंडळी यावर सक्तीचे नियम करू पाहत होते. उपाय निघाला जादा कूपनं वाटण्यात. पुढे मात्र नव्या सभासदाला तीस तासांची कूपनं मिळत आणि सोडून जाताना वीस तासांचीच परत घेतली जात. दर येण्याजाण्यामागे दहा तास हवेत राहू लागले, आणि यथावकाश तिथेही कूपनांचा सुकाळ आणि सांभाळणाऱ्यांचा दुष्काळ झाला. सुशिक्षित, सुस्थितीतली, एकमेकांना ओळखणारी माणसं होती ही. येतानाच्या आणि जातानाच्या नियमात एका आकड्याचा फरक पडला एवढंच.

तासांच्या बँकांबद्दल, म्हणजे जिथे एकमेकांसाठी केलेल्या कामाचे तास पैशासारखे जमा होतात त्यांच्याबद्दल, थोडक्यात लिहितो, कारण त्यांच्याविषयी माझी तक्रार कमी आहे. जपानमध्ये ओसाकात तेरुको मिझुशिमा यांनी १९७३मध्येच ही कल्पना संघटित रूपात आणली, अमेरिकेत एडगर कान यांनी ती पुढे नेली. प्रत्येकाचा तास सारखा, हे तत्त्व बाजारभावाला धरून नाही आणि तसं असण्याचा दावाही नाही. त्यामुळे तिथे नफेखोर फिरकत नाहीत, आणि मोठी उलाढालही होत नाही. हवं तेवढंच वचन देणारी ही पद्धत आहे.

बिटकॉइनवाल्यांना मात्र दोन शब्द. २००९पासून ते चालू आहे, दोन कोटी दहा लाखांच्या पुढे नाणी होणार नाहीत हे आधीच ठरलेलं, आणि कुणाचंही देणं नसलेला हा पैसा असल्यानं वर मांडलेला सारा प्रश्नच तुम्ही टाळला, असं तुम्ही म्हणाल. मान्य. पण उधारी टाळली तशी पतही टाळली गेली. ज्याच्याकडे आज काही नाही त्याला हा पैसा आधी विकत घ्यावा लागतो. कॉमॉक्स व्हॅलीतल्या बेकाराला त्याचा काय उपयोग झाला असता? आणि एल साल्वादोरच्या सरकारनं २०२१मध्ये प्रत्येक व्यावसायिकानं बिटकॉइन स्वीकारलंच पाहिजे असं कलम कायद्यात घातलं, तेव्हा तुमच्यातल्या किती जणांनी निषेध केला? राज्याच्या दंडुक्यापासून मुक्त करणारं चलन दंडुक्यानं स्वीकारायला लावलं जात होतं आणि तुमच्याकडे फटाके वाजत होते. २०२५च्या सुरुवातीला ती सक्ती मागे घेतली गेली ती आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या कर्जाच्या अटीमुळे. आपल्या चळवळीच्या वतीनं हे काम नाणेनिधीला करावं लागलं, याची थोडी लाज वाटायला हरकत नाही.

खाजगी चलन शिस्तीनं चालूच शकत नाही असं कुणी म्हटलं, तर मी स्कॉटलंडचं नाव घेतो. अठराव्या शतकात आणि १८४५च्या कायद्यापर्यंत तिथे अनेक बँका आपापल्या नोटा काढत होत्या. त्या एकमेकींच्या नोटा स्वीकारत आणि ठरल्या दिवशी परत देऊन हिशोब चुकता करत. कुणी जास्त छापल्या तर त्या भराभर परत येत, म्हणून हात आखडता राही. सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे बऱ्याच बँकांत भागीदारांची जबाबदारी अमर्याद होती. १७६९मध्ये निघालेली डग्लस, हेरन अँड कंपनी ही बँक बेफाम कर्जं देऊन १७७२मध्ये बुडाली, तेव्हा नोटाधारकांचे पैसे भागीदारांनी भरले आणि त्यापायी कित्येकांच्या जमिनी गेल्या. त्याच्या शेजारी २०२२च्या मे महिन्यातलं टेरा ठेवा. डॉलरशी बांधलेलं म्हणवणारं ते नाणं काही दिवसांत कोसळलं आणि अब्जावधी डॉलरची किंमत पुसली गेली. ज्यांनी विश्वास ठेवला त्यांना काढणाऱ्यांच्या मालमत्तेवर हात टाकण्याची सोय मुळात कुठे लिहिलेली होती? त्यांना शेवटी सरकारी न्यायालयांचाच दरवाजा ठोठवावा लागला.

आता स्वेच्छेबद्दल. हा आपला सर्वांत मोठा शब्द, आणि मला वाटतं आपण तो फक्त दारातून आत येण्याच्या क्षणाला लावतो. सभासद आपखुशीनं आला, झालं. पण त्याचं खातं उणे असताना तो आजारी पडला, त्याचं कसब जुनं झालं, काम मिळेनासं झालं, मग? राज्याच्या कायद्यात नादारीची तरतूद असते. कर्जबाजारी माणसाला जे देता येईल ते देऊन बाकीच्यातून सुटता येतं आणि पुन्हा उभं राहता येतं. ही तरतूद मिळवायला लोकांना शतकं लागली. त्याआधी कर्जासाठी तुरुंग होता. तुमच्या नियमावल्यांत सुटकेचं असं कलम मला क्वचित दिसतं. त्याऐवजी एक तर काहीच नसतं, म्हणजे देणं हवेत विरतं आणि बाकीचे भरडले जातात. नाही तर ‘समुदाय ठरवेल’ असं असतं. समुदाय काय ठरवतो ते आपल्या सगळ्यांना माहीत आहे. तो बोलणं बंद करतो. ज्या व्यवहारातून अब्रू गमावल्याशिवाय बाहेर पडता येत नाही त्याला ऐच्छिक म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

कुणी आयर्लंडचा दाखला देईल. १९७०मध्ये मे ते नोव्हेंबर तिथल्या मोठ्या बँका संपामुळे बंद होत्या आणि देश चालला. लोकांनी एकमेकांचे चेक हातोहात फिरवले, मद्यालयांच्या मालकांना गिऱ्हाइकाची पत बँकेपेक्षा जास्त माहीत होती. फार सुंदर प्रसंग आहे. फक्त प्रत्येकाला ठाऊक होतं की आज ना उद्या बँका उघडतील आणि प्रत्येक चेक वटवायला टाकला जाईल. हिशोबाचा दिवस ठरलेला नव्हता, पण तो येणार हे नक्की होतं. तुमच्या चलनात तो दिवस कधी येतो?

आणि कराचं विसरू नका. राज्य बाकी सगळं सोडेल, कर मात्र स्वतःच्या चलनातच मागेल. त्यामुळे तुमच्या सभासदाला काही कमाई बाहेरच्या पैशात करावीच लागते. शंभर टक्के व्यवहार आपल्यात आणण्याची भाषा त्याला अडचणीत आणते. इंग्लंडातल्या ब्रिस्टल शहराच्या ब्रिस्टल पाउंड या चलनानं हे ओळखून नगरपालिकेला स्थानिक कर त्या चलनात घ्यायला राजी केलं होतं, महापौर जॉर्ज फर्ग्युसन यांनी पगारही त्यातच घेतला. तरी २०१२ला सुरू झालेलं ते चलन दहा वर्षं पुरी व्हायच्या आत थांबलं. एका पाउंडाला एक पाउंड अशी हमी मागे असल्यानं कुणाचं बुडालं नाही. पण ज्या चलनाची प्रत्येक नोट सरकारी पाउंड आधी भरूनच निघते ते नवी पत निर्माण करत नाही. त्याला स्थानिक खरेदीचं कूपन म्हणावं.

तेव्हा माझी मागणी नाव, बोधचिन्ह आणि ॲप यांच्या आधीच्या टप्प्याची आहे. तुम्ही अजून काही छापलेलं नाही, तेव्हाच नावे बाजू लिहून काढा. एका सभासदाला किती खाली जाता येईल आणि ती मर्यादा कोण, कशावरून ठरवणार. चलन काढणाऱ्यांचं स्वतःचं खातं कुणाला बघता येणार. माझ्या मते सगळ्यांना, बाकीच्यांची खाती झाकलेली असली तरी. बुडीत रक्कम कोणत्या निधीतून भरायची आणि त्या निधीत कोण किती टाकणार. नादार झालेल्याची सुटका कशी. हे सगळं नवा सभासद सही करण्याआधी वाचू शकेल अशा दोन पानांत बसतं. चालू चलनं ज्यांच्या हाती आहेत त्यांनी आत्ताच्या उणे खात्यांची बेरीज आणि त्यांतली वर्षभर न हललेली खाती किती, एवढे दोन आकडे पुढच्या सभेत वाचून दाखवावेत. पुढारी ते आकडे वाचायला तयार नसतील, तर सभासदांनी आपली जमा खर्चून टाकावी आणि नवी घेऊ नये.

आपला,
तुमच्याच बाजूचा एक सभासद